निवडलेली डाळ

ताई, तुम्ही गेलात त्याला आज बारावा दिवस, आणि या बारा दिवसांत माझी चार जणांशी भांडणं झाली. त्यातलं एक थेट अध्यक्ष सरांशी. तुम्हाला वाटत असेल, मी जाऊन पंधरा दिवस होत नाहीत तर हिनं सरांनाही सोडलं नाही. नाही सोडलं. आधी ऐकून घ्या, मग काय ते रागवा.

काल तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्याच्या तीन दिवस आधी सर केंद्रात आले. तुमच्या खुर्चीकडे बघायचं टाळत माझ्या टेबलापाशी बसले आणि एक कागद पुढे सरकवला. कार्यक्रमाची रूपरेषा. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण हेडमास्तरांचं अक्षर अजून तसंच, रांगेत उभं. एक, पुष्प-दीप पूजन. दोन, त्रिशरण-पंचशील. तीन, प्रास्ताविक. चार, मनोगत, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं, 'केंद्रातील भगिनी, पाच'. मी लाल पेन घेतलं आणि चौथी ओळ खोडली. सरांच्या अक्षरावर लाल रेघ मारणारी मी बहुधा पहिलीच.

"अगं वंदना, प्रमिलाबाईंनी किती जणींचा संसार, किती जणींचा जीव वाचवला, हे लोकांना कळायला नको का?"

"कळू द्या ना सर. पण बाईले माइकपुढं आणून नाही."

"आणि त्यांनाच बोलायचं असेल तर? तू कोण नको म्हणणारी?"

ताई, हे वाक्य माझंच होतं. याच टेबलापाशी मी ते तुम्हाला ऐकवलं होतं, शोभाच्या वेळी. आपलं ते भांडण तेव्हाही मिटलं नव्हतं आणि आता मिटवायला तुम्ही नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मला इथे आल्याचा पहिला आठवडा आठवतो. मी सुलतानपूरची, घरात पहिली एम.ए. झालेली, आणि त्याची जरा जास्तच घमेंड असलेली. मेहकरला एका केंद्रात रिपोर्ट लिहायला मुलगी पाहिजे म्हणून कळलं आणि आले. घरातल्या माराला कंटाळून अंगावरच्या लुगड्यानिशी बायका इथे येतात, त्यांचं ऐकायचं, राहायची सोय करायची, वकिलाकडे, दवाखान्यात सोबत जायचं, एवढं काम मला ऐकून माहीत होतं. ऐकून माहीत असणं आणि समोर बसून ऐकणं यातला फरक तिसऱ्या दिवशी कळला. एक बाई तासभर बोलत होती. तुम्ही ऐकत होतात, मी लिहीत होते. ती गेल्यावर मी मोठ्या ऐटीत कागद नीट लावले. तेवढ्यात तुम्ही स्वयंपाकघरातून बांबूचं सूप आणलंत, त्यात तुरीची डाळ, आणि माझ्या मांडीवर ठेवलंत.

"वंदे, एवढी निवडून दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई, मी एम.ए. आहे. इथं रिपोर्ट लिहायले आली मी, डाळ निवडायले नाही."

"हाव, मले माहीत आहे. एम.ए. झाल्यावर खडे दिसत नाहीत का?"

मी चरफडत बसले. मनात तुम्हाला काय काय बोलले ते आता सांगत नाही. अर्धं सूप झाल्यावर लक्षात आलं की माझे हात थरथरत होते आणि आता थांबले होते. थरथरत होते हेच मला आधी कळलं नव्हतं. घरी गेले, जेवले, झोपही लागली. तरी तुम्ही मला मोलकरणीचं काम दिलंत हा राग महिनाभर धरून होते.

महिन्यानंतर बाकीच्या कार्यकर्तींकडे बघून बघून उमगलं. ज्या दिवशी जिच्या कानावर काही जड पडलं, त्या दिवशी सूप तिच्याकडे जायचं. डाळ निवडून होईपर्यंत तिला कोणी हाक मारायची नाही, फोन द्यायचा नाही, काय झालं म्हणून विचारायचं नाही. तुम्ही हे कधी कोणाला समजावून सांगितलं नाही. पुढे एकदा पुण्याहून प्रशिक्षण द्यायला लोक आले, पडद्यावर चित्रं दाखवून त्यांनी सांगितलं की दुखावलेल्या माणसांबरोबर काम करणाऱ्यांनाही दुखावलेपण चिकटतं, संस्थेच्या प्रमुखानं त्याची काळजी वाहायला पाहिजे. तुम्ही शाळेतल्या पोरीसारखं सगळं वहीत उतरवून घेतलंत. घरी जाताना मला म्हणालात, "चांगलं सांगतलं त्याहीनं. आपली डाळ बी तेच हाय."

तुमचे नियम असेच असायचे, कुठे न लिहिलेले. बाईनं आपली कहाणी एकदाच सांगायची. एकदा सांगितली की ती तिच्या शब्दांत उतरवायची, तिला वाचून दाखवायची, आणि पुढचा जो कोणी विचारेल त्याच्या हातात तो कागद द्यायचा. बोलायच्या खोलीची आतली कडी तुम्ही स्वतः पाना-पेचकस घेऊन काढून टाकलीत, कारण जिला घरात कोंडलं होतं तिला कडीचा आवाज सहन होत नाही. मी म्हटलं, अहो, मग खाजगीपण कसं राहील? तुम्ही दाराला पडदा लावलात आणि दाराबाहेर स्वतःची खुर्ची टाकून बसलात.

आणि मग शोभा. हे मी तुमच्याशी नीट कधी बोलले नाही, ताई, आज बोलते.

शोभा उंद्रीची. आली तेव्हा तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसायची. चौथ्या दिवशी तुमच्याशी बोलली, एकदाच. सहा महिन्यांत हसायला लागली, मला 'मॅडम' सोडून 'वंदनाताई' म्हणायला लागली. त्या सुमारास महिला दिनाचा कार्यक्रम आला. मोठे पाहुणे येणार होते, सूत्रसंचालन माझ्याकडे. आपल्या सगळ्या संस्थांची जी रीत, तीच आपली, पाहुण्यांच्या भाषणाआधी दोन-तीन बायकांनी मनोगत व्यक्त करायचं. ही रीत तुम्हाला आवडत नव्हती, पण तुम्ही ती बंदही केली नव्हती. मी शोभाला आदल्या दिवशी विचारलं, "बोलशील ना गं?" ती म्हणाली, "हाव." मला केवढा आनंद झाला. ही बाई आमच्यामुळे बोलती झाली, हे मला पाहुण्यांना दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर मला माझंच काम दाखवायचं होतं.

ती दोन वाक्यं बोलली. तिसऱ्याला अडली. मंडप शांत झाला. पाहुण्यांना वाटलं तिला धीर द्यावा, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि सगळ्या मंडपानं त्यांच्यामागे. त्या आवाजानं शोभा दचकली, माइक हातातून सुटला, आणि ती दोन्ही कानांवर हात ठेवून स्टेजवरच खाली बसली. टाळ्या आणखी वाढल्या. मी माइकशेजारी उभी होते आणि मला एक पाऊल टाकता आलं नाही. तुम्ही शेवटच्या रांगेतून चालत आलात, तिच्याजवळ खाली बसलात, तिला हात न लावता काहीतरी बोललात, आणि ती तुमच्याबरोबर उठली. मग माइक घेऊन तुम्ही म्हणालात, "कार्यक्रम इथंच थांबवतो. चूक माही आहे. चहा घेऊन जा."

संध्याकाळी बैठकीत मी रडत म्हटलं, मी तिला विचारलं होतं, तिनं हो म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "वंदे, ज्या बाईले आजवर नाही म्हणायची सोय नव्हती, तिच्या हाव म्हणण्याले तू होकार समजली. थोडा दम धरायचा होता. तिले नाही म्हणता येऊ द्यायचं होतं." आवाज चढवला नाहीत. आणि लगेच सगळ्यांपुढे, "पण चूक माही. ही रीत मीच चालू ठेवली होती."

तिथं माझं डोकं फिरलं. "माही चूक तुम्ही कायले घेता? माही आहे, मले घेऊ द्या. आणि एखाद्या बाईले खरंच बोलायचं असन तर? तुम्ही कोण नाही म्हणणाऱ्या?"

"मोठी आहो ना मी इथं," तुम्ही म्हणालात, आणि सूप माझ्यापुढे ठेवलंत.

मी त्या दिवशी डाळ निवडली नाही. सूप तसंच ठेवून निघून आले. दुसऱ्या दिवशी आले तर ते तिथेच होतं, झाकून ठेवलेलं. मग निवडली.

शोभा त्यानंतर कितीतरी दिवस आली नाही. तुम्ही तिला समजवायला गेला नाहीत, मलाही जाऊ दिलं नाही. फक्त निरोप पाठवलात की दार उघडं आहे, आणि आलीस तर काही बोलायचं नाही. ती आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आज ते तिचंच राज्य आहे. तुम्हालाही ती तिथून बाहेर काढायची. माझ्याशी ती बोलायची, हसायची, पण त्या दिवसाचा विषय तिनं कधी काढला नाही आणि मीही नाही. तिची माफी मागायचे शब्द माझ्याकडे तयार होते. मागितली असती तर तिला पुन्हा त्या स्टेजवर नेऊन बसवल्यासारखं झालं असतं, अशी मी माझी समजूत घालत राहिले. त्यात थोडं खरं होतं आणि थोडा माझा भित्रेपणा.

तर आपलं भांडण दोन गोष्टींवरून होतं, ताई. एक म्हणजे बायकांनी बोलावं की नाही. त्यात तुमचं बरंचसं बरोबर होतं, हे मी आता कबूल करते, तुम्ही नसताना का होईना. पण दुसऱ्या गोष्टीत तुमचं चुकलं, आणि ते मी तुम्ही गेलात म्हणून सोडणार नाही. तुम्ही सगळं अंगावर घेत होतात. आमच्या चुका, आमचे राग, वकिलांची बोलणी, कोणाच्या नवऱ्याचे फोन. आम्हाला प्रत्येकीला कधी ना कधी सूप मिळालं. तुम्हाला ते कोणी दिलं? अकरा वर्षांत मी एकदाही तुमच्या मांडीवर सूप ठेवलं नाही. डोक्यातच आलं नाही. मोठी माणसं दमत नाहीत असंच आपण धरून चालतो ना.

आणि तो दिवस. मागच्या पोळ्याच्या आसपासचा. दुपारी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले तर तुम्ही खाली एकट्या सूप घेऊन बसलेल्या. त्या दिवशी कोणी बाई आली नव्हती, कोणाचं काही ऐकलं नव्हतं. मी वाकून बघितलं. "ताई, ही तर निवडलेली आहे."

"मंग पुन्हा निवडू," तुम्ही म्हणालात.

मी हसले. खरंच हसले, ताई. म्हटलं, तुमचं आपलं काहीतरीच, आणि आत जाऊन रिपोर्ट टाइप करायला लागले. तुम्ही त्या सकाळी अकोल्याच्या दवाखान्यातून तुमच्या तपासणीचा कागद घेऊन आला होतात, हे तुमच्या भावाकडून मला तुम्ही गेल्यावर कळलं. केंद्राचा कोणता रिपोर्ट होता तो, तेही आठवत नाही. दुसऱ्यांचे हात थरथरलेले ओळखायला तुम्ही मला शिकवलंत आणि तुमचे थरथरले तेव्हा मी टाइप करत होते. याचा मला राग आहे, माझा आणि तुमचाही. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी बसले असते.

शेवटी जानेफळला तुमच्या घरी भेटायला आले, तेव्हा बसमध्ये पूर्ण रस्ताभर ते वाक्य घोकत होते. 'आम्हाले का नाही सांगतलं?' एवढंच. खाटेजवळ आले आणि तुम्ही विचारलंत, स्वयंपाकघराचा नळ गळत होता, त्याचा वायसर बदलला का. मी म्हटलं, बदलला. तुम्ही विचारलंत, कोणाला बोलावलं होतं. मी सांगितलं. मग तो माणूस किती हळू काम करतो यावर आपण दोघी बराच वेळ बोललो आणि हसलो. शेवटची भेट वायसरवर गेली. आता वाटतं, वाईट गेली नाही. तुम्हाला सांगायचं नव्हतं, आणि न सांगायचा हक्क प्रत्येकीला आहे हे तुम्हीच शिकवलेलं. फक्त तो हक्क तुम्ही माझ्यावर वापराल असं वाटलं नव्हतं.

तर कालचं सांगते. सरांना मी म्हटलं, माइक राहील, पण बाजूला, बंद करून. नाव कोणाचं पुकारायचं नाही. ज्याला वाटेल त्यानं यावं, नाही वाटलं तर मेणबत्ती लावून बसावं. आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत. सर म्हणाले, "आणि कोणीच आलं नाही तर?" मी म्हटलं, तर कोणीच नाही. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, पण ऐकलं.

मंडप भरला होता, ताई. उंद्री, सुलतानपूर, जानेफळ, कुठकुठून बाया आल्या. तुमच्या फोटोपुढे पंचशील झालं. मी माइकवर जे सांगायचं ते सांगितलं, माइक बंद केला आणि बसले. मग कोणीच उठेना. तुम्हाला माहीत आहे, मंडपातली शांतता मला किती छळते. माझ्या जिभेवर पाच नावं होती, एकीला हाक मारली असती तर आली असती. नाही मारली. सर माझ्याकडे बघत होते, मी तुमच्या फोटोकडे बघत होते. एकेक बाई उठून मेणबत्ती लावत होती. शोभा स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, मेणबत्ती लावली आणि परत गेली. बऱ्याच वेळानं एक म्हातारी माइकपाशी गेली, तो चालू न करताच म्हणाली, "लेकीवाणी वागवलं मले," आणि जागेवर येऊन बसली. तिचं नाव माझ्या जिभेवरच्या पाचांत नव्हतं.

मग सर उठले. खिशातून चार पानं काढली. माइक चालू केला, "प्रमिलाबाई" म्हणाले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मागून कोणीतरी म्हणालं, "बोला सर, बोला." मी मागे वळून हात वर केला. आवाज बंद. सरांनी पानांकडे बघितलं, घडी घातली आणि म्हणाले, "आज मला जमत नाही." येऊन बसले. एक टाळी वाजली नाही.

जाताना चप्पल घालता घालता ते मला म्हणाले, "बरं झालं वंदना, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत." एवढं बोलून ते गाडीत बसले. भांडण मिटलं.

तुमचं केंद्र चालेल, ताई. हे तुम्हाला धीर द्यायला लिहीत नाही, मला काल दिसलं म्हणून लिहिते. मी तुमच्यासारखी गोड बोलणारी नाही. माझ्या चुका मी घेईन, बाकीच्यांच्या त्यांच्या त्यांना घेऊ देईन. कडी लावणार नाही. कहाणी एकदाच.

सगळे गेल्यावर मी मंडपवाल्याशी खुर्च्यांवरून वाद घालत होते, तो झाल्यावर सतरंज्या गोळा करत होते. कोणी थांब म्हटलं तरी थांबत नव्हते. तेवढ्यात शोभा आली. तिच्या हातात सूप होतं. तिनं माझ्या हातातली सतरंजी काढून घेतली, खाली अंथरली आणि सूप तिच्यावर ठेवलं.

"शोभा, मले लई कामं आहेत गं."

"हाव," ती म्हणाली आणि उभीच राहिली.

मी बसले. डाळीत हात घातला आणि कळलं की तिनं ती आधीच निवडून आणली होती. मी वर बघितलं. ती सुपाच्या पलीकडे माझ्यासमोर बसली. त्या दिवशी तुमच्यासमोर मी बसायला पाहिजे होतं, तशी.

डाळीत खडा एकही नव्हता, ताई. आम्ही दोघींनी ती सगळी निवडली.